पोलादातील वृक्ष

द्मित्री कोन्स्टान्टिनोविच चेर्नोव्ह हे नाव धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हमखास भेटते. पण भेटते ते एखाद्या ओळीपुरतेच. न्यूटन, फॅरेडे, मादाम क्यूरी यांच्यावर आपल्या अंकांतून लेख येत असतात. पोलाद का तुटते एवढ्या एका प्रश्नाच्या मागे लागून ज्याने नवे शास्त्र उभे केले, त्याची मात्र आठवण कोणाला होत नाही. ज्या बेळगावात उद्यमबागेतील फौंड्र्यांतून रोज लोखंडाचा रस साच्यांत ओतला जातो, तेथील महाविद्यालयाच्या अंकात त्याच्याविषयी काही लिहावे, असे मला बरेच दिवस वाटत होते.

चरित्राकडे वळण्यापूर्वी एका वस्तूची ओळख करून देतो. ती वस्तू म्हणजे पोलादाचा एक स्फटिक. उंची ३९ सेंटीमीटर, वजन ३.४५ किलोग्रॅम. मधे सरळ खोड, खोडाला काटकोनात फुटलेल्या फांद्या आणि त्या फांद्यांना पुन्हा काटकोनात फुटलेल्या उपफांद्या. लांबून पाहिले तर सुरूचे लहानसे झाडच कोणी लोखंडात घडवले आहे असे वाटावे. पण ते कोणी घडवलेले नाही. १०० टन वजनाचा पोलादाचा इंगट गोठत असताना त्याच्या पोटात जी पोकळी राहिली, तिच्यात हे झाड आपोआप वाढले. चेर्नोव्हच्या एका विद्यार्थ्याला ते सापडले आणि त्याने ते आपल्या गुरूला दिले. आज जगभर ते ‘चेर्नोव्हचा स्फटिक’ म्हणून ओळखले जाते. अशा वृक्षाकार स्फटिकाला ‘डेंड्राइट’ म्हणतात. ‘डेंड्रॉन’ म्हणजे ग्रीक भाषेत झाड. ओतलेल्या जवळजवळ प्रत्येक मिश्रधातूत अशी झाडे असतात. फक्त ती इतकी बारीक आणि एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की सूक्ष्मदर्शकाखेरीज दिसत नाहीत.

चेर्नोव्हचा जन्म १८३९ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये झाला. वडील वैद्यकीय सहायक होते. डॉक्टरच्या हाताखाली काम करणारा, पगार बेताचा, असा तो पेशा. मुलगा हुशार निघाला. १८५८ मध्ये तेथील तंत्रविद्या संस्थेतून तो उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला आणि सरकारी टांकसाळीत नोकरीला लागला. पुढच्याच वर्षी तो आपल्या जुन्या संस्थेत शिकवू लागला. तेथले ग्रंथालय आणि संग्रहालय यांतही त्याने काम केले आणि त्याच काळात विद्यापीठात जाऊन गणिताची व विज्ञानाची व्याख्याने ऐकली. ही सहासात वर्षे चरित्रकार दोन वाक्यांत उरकतात. मला मात्र ती महत्त्वाची वाटतात. हातोड्याच्या कारखान्यात पुढे जो माणूस गेला तो कारागीर म्हणून गेला नाही आणि निव्वळ पंडित म्हणूनही गेला नाही.

तो कारखाना म्हणजे सेंट पीटर्सबर्गजवळचा ओबुखोव्ह पोलाद कारखाना. क्रिमियाच्या युद्धात (१८५३ ते १८५६) रशियाचा पराभव झाला होता. तोफा पोलादी हव्यात आणि त्या स्वदेशातच व्हायला हव्यात, हे सरकारला तेव्हा कळून चुकले. पावेल ओबुखोव्ह या अभियंत्याच्या पद्धतीने पोलाद करण्यासाठी १८६३ मध्ये हा कारखाना निघाला. पोलाद होऊ लागले, तोफाही होऊ लागल्या. पण त्यांचा भरवसा देता येईना. एक तोफ शेकडो बार सहन करी, तर दुसरी चाचणीच्या पहिल्या काही बारांतच फुटे. दोन्हींचे पोलाद एकच, ओतणारे हात तेच, रासायनिक पृथक्करणात फरक नाही. तोफ फुटते तेव्हा काय होते हे सांगायला नकोच. शत्रूला लागण्याऐवजी तिचे तुकडे आपल्याच गोलंदाजांना लागतात.

१८६६ मध्ये चेर्नोव्ह या कारखान्यात अभियंता म्हणून आला. त्याची नेमणूक झाली ती घडाईच्या विभागात, म्हणजे जेथे तापवलेला इंगट वाफेच्या हातोड्याखाली ठोकून तोफेची नळी घडवली जाते तेथे. वय २७. त्याने काय केले? फुटलेल्या तोफांचे तुकडे गोळा केले आणि त्यांचे भंग, म्हणजे तुटलेल्या जागा, एकामागून एक पाहिले. ज्या तोफा फुटल्या त्यांचा भंग ढोबळ, रवाळ होता. ज्या टिकल्या त्यांच्या पोलादाचा कण बारीक, जणू रेशमी होता. पोलाद तेच, पण पोत वेगळा. मग हा पोत ठरतो कशाने? उत्तर शोधायचे तर घडाईच्या वेळचे तापमान कळले पाहिजे. आणि इतके उच्च तापमान मोजणारे विश्वासाचे साधन त्या काळी भट्टीजवळ नव्हते. चेर्नोव्हजवळ होते ते डोळे. अंधाऱ्या शाळेत तापलेल्या पोलादाचा रंग तो पाहत बसे. गडद लाल, लाल, भडक लाल, नारिंगी, पिवळसर, पांढरा. पोलाद थंड होत असता एका ठिकाणी त्याची झळाळी क्षणभर बदलते, जणू आतून काही घडले आहे, हे या पाहण्यातून त्याच्या ध्यानात आले.

१८६८ च्या वसंतात रशियन तंत्रविद्या संस्थेपुढे त्याने आपले निष्कर्ष मांडले. पोलादात काही ठरावीक तापमानबिंदू असतात. त्यांतल्या पहिल्याला त्याने ‘अ’ असे नाव दिले: या बिंदूच्या खाली तापवलेले पोलाद पाण्यात बुडवून कितीही झटकन थंड केले तरी कठीण होत नाही. आपले लोहार पाणी देणे म्हणतात ते फुकट जाते. दुसरा ‘ब’: याच्या खाली तापवल्यास पोलादाचा पोत बदलत नाही, पण हा बिंदू गाठताच जुना ढोबळ रवा मोडतो. मग तेथून नीट थंड केले तर बारीक कणाचे पोलाद मिळते. आज आपण ‘अ’ बिंदू सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास मांडतो. ‘ब’ त्याच्या वर असतो आणि त्याची जागा पोलादातील कर्बाच्या प्रमाणाप्रमाणे सरकते. हे सरकणेसुद्धा चेर्नोव्हच्या लक्षात आले होते. पुढे ल शातेलियेने तापविद्युत् तापमापक तयार केला आणि १८८७ च्या सुमारास फ्रान्सच्या ओस्मोंने त्याच बिंदूंना आकडे लावले. डोळ्याने जे पाहिले गेले होते ते यंत्राने खरे ठरवले.

याचा व्यावहारिक अर्थ असा की तोफ वाचवायची तर वेगळे पोलाद आणायला नको. आहे तेच पोलाद योग्य तापमानाला तापवून, योग्य वेळी घडाई थांबवून थंड करायला हवे. आज आपल्याला हे साधे वाटते. त्या काळी एक कारखानदार दुसऱ्याच्या पोलादाचे रहस्य त्याच्या मिश्रणात शोधत होता. वस्तूत काय आहे इतकेच पुरेसे नसून ती वस्तू कशातून गेली आहे हेही पाहावे लागते, ही दृष्टी येथे आली. सूक्ष्मदर्शकाखाली पोलाद इंग्लंडच्या सॉर्बीने १८६३ पासून पाहिले होते आणि रशियातच अनोसोव्हने त्याच्याही आधी, १८३१ मध्ये. तेव्हा चेर्नोव्ह पहिलाच होता असे मी म्हणणार नाही. पण पोत पाहून त्यावरून धातूचा तापमानाचा इतिहास वाचायचा आणि तो इतिहास आपल्या हाताने बदलायचा, हे त्याने केले.

यानंतरचा दहा वर्षांचा काळ मी भराभर ओलांडतो. बेसेमर पद्धतीत त्याने सुधारणा केल्या. ज्वाळेचा वर्णपट पाहून भट्टीतली क्रिया कोठवर आली हे ठरवण्याचे काम केले. हवेऐवजी ऑक्सिजन मिसळलेली हवा फुंकावी अशी सूचना १८७६ मध्येच केली. ऑक्सिजनचे पोलाद कारखान्यांत आले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. आपल्याला जायचे आहे ते १८७८ च्या डिसेंबरकडे.

त्या महिन्यात त्याने ओतीव पोलादाच्या इंगटांच्या रचनेवर निबंध वाचला. घडाईच्या आधीचा प्रश्न त्याने आता हाती घेतला होता: द्रव पोलाद साच्यात गोठते तेव्हा नेमके काय होते? त्याने सांगितले की पोलाद मेणासारखे सगळीकडून सारखे घट्ट होत जात नाही. ते स्फटिकरूपाने गोठते. साच्याच्या थंड भिंतीपासून स्फटिक निघतात आणि आतल्या द्रवात घुसतात. प्रत्येक स्फटिक प्रथम एका अक्षावर खोडासारखा पुढे जातो, मग त्याला फांद्या फुटतात, मग उपफांद्या. शेजारचे स्फटिक एकमेकांना अडवतात. फांद्यांमधला द्रव शेवटी गोठतो आणि गोठताना आकसतो. तेथे पुरवठ्याला रस उरला नसेल तर पोकळी राहते. आपल्या फौंड्र्यांत साच्यावर रायझर ठेवतात तो याच आकसण्याची भरपाई करण्यासाठी. गोठताना साचा फिरता ठेवला, द्रव ढवळला गेला, तर स्फटिक बारीक होतील असेही त्याने सुचवले. तुरटीच्या द्रावणाची उपमा तो वापरत असे: शांत ठेवले तर मोठे खडे, हलवत राहिले तर बारीक चुरा. आपल्या घरात यापेक्षाही जवळचा दाखला आहे. कढवलेले तूप हळूहळू निवू दिले की छान रवाळ होते. तेच भांडे थंड पाण्यात ठेवून झटकन निववले की गुळगुळीत होते. तुपाला रवा हवा असतो, तोफेला नको असतो, एवढाच फरक.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट पाहावी असे मला वाटते, कारण पुष्कळदा शिकवतानाही ती निसटते. चेर्नोव्हने जे झाड पाहिले ते गोठून झाल्यानंतरचे होते. पोलाद अपारदर्शक, त्याच्या आत झाड वाढताना पाहणे शक्य नव्हते. म्हणून त्याला आणि त्याच्यानंतरच्या दोन पिढ्यांना साहजिकच वाटले की झाड जसे वाढले तसेच ते आपल्याला दिसते. बारीक फांद्या दिसल्या तर त्या तशाच फुटल्या होत्या, जाड दिसल्या तर जाड फुटल्या होत्या. प्रत्यक्षात तसे नसते. झाड वाढते तेव्हा त्याला फार बारीक आणि फार दाट फांद्या फुटतात. शेवटी दिसतात त्या त्यांतून उरलेल्या.

हे का घडते ते समजून घेऊ. शुद्ध धातू एकाच तापमानाला गोठतो, पण मिश्रधातू एका पट्ट्यात गोठतो. उदाहरणार्थ, साडेचार टक्के तांबे असलेले ॲल्युमिनियम सुमारे ६५० अंशांना गोठू लागते आणि त्यातला शेवटचा द्रव ५४८ अंशांना गोठतो. मधल्या सगळ्या वेळात घन फांद्या आणि त्यांच्यामधला द्रव शेजारी शेजारी नांदत असतात. घन भाग तांबे थोडेच घेतो, उरलेले द्रवात ढकलतो. त्यामुळे द्रवाचा गोठणबिंदू खाली सरकत जातो. आता एक बारीक फांदी आणि तिच्याशेजारी एक जाड फांदी घ्या. बारीक फांदीचा पृष्ठभाग अधिक वाकडा, म्हणजे तिच्या वस्तुमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त. अशा पृष्ठभागावरचे अणू सैल धरलेले असतात, म्हणून ती किंचित कमी तापमानाला वितळते. हा फरक फार थोडा आहे: एक मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाला तो एक-दोन दशांश अंशांइतका असतो. पण तेवढा पुरतो. बारीक फांदीजवळच्या आणि जाड फांदीजवळच्या द्रवात तांब्याचे प्रमाण वेगळे राहते. द्रवातून अणू एकीकडून दुसरीकडे सरकतात. बारीक फांदी विरघळत जाते आणि तिचा धातू जाड फांदीवर बसतो. सावकाराच्या वाड्याशेजारी लहान शेतकऱ्याचे रान जसे वर्षावर्षाने कमी होत जाते, तसेच हे चालते. कधी फांदी टोकाकडून मागे हटते. कधी ती बुंध्याशी बारीक होत जाऊन खोडापासून तुटते आणि द्रवात तरंगू लागते. कधी दोन फांद्यांमधली खाच भरून येऊन त्यांची एकच जाड फांदी होते. एकूण परिणाम एकच: फांद्या कमी होतात, जाड होतात, त्यांच्यातले अंतर वाढते. याला डेंड्राइटचे ढोबळीकरण म्हणावे.

लहान कण मोठ्यापेक्षा अधिक विरघळतो हे विल्हेल्म ऑस्टवाल्डने १९०० साली पाऱ्याच्या ऑक्साइडवरून दाखवले. लाल आणि पिवळे ऑक्साइड हे दोन वेगळे पदार्थ नसून कणांच्या आकाराचा तो फरक आहे, हे त्याचे म्हणणे होते. तो रीगा शहराचा, म्हणजे त्या काळच्या रशियन साम्राज्यातलाच. लहानाच्या जिवावर मोठ्याने वाढण्याच्या या क्रियेला आज त्याचे नाव आहे. फ्रीजमध्ये महिनाभर पडून राहिलेले आइस्क्रीम करकरीत लागते ते याच क्रियेने. बर्फाचे बारीक स्फटिक जाऊन मोठे उरतात. मात्र ओतीव धातूतल्या फांद्यांना हा नियम पुरता लावला गेला तो फार उशिरा. १९६७ मध्ये अमेरिकेतील एम. आय. टी. येथे कॅटामिस, कफलिन आणि फ्लेमिंग्ज यांनी ॲल्युमिनियम-तांबे मिश्रधातूवर प्रयोग करून दाखवले की फांद्यांमधले अखेरचे अंतर ठरते ते फांद्या फुटण्याच्या क्षणी नव्हे. फांद्या आणि द्रव किती वेळ एकत्र राहिले, यावर ते ठरते.

नियम सोपा आहे: अंतर वेळेच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. अंतर दुप्पट व्हायला आठपट वेळ लागतो, दहापट व्हायला हजारपट. घनमूळ का? कारण फांद्या जाड होत गेल्या की त्यांचा वाकडेपणा कमी होतो, म्हणजे ढकलणारा जोर कमी होतो. आणि त्याच वेळी अणूंना चालायचे अंतरही वाढते. वर सांगितलेले ॲल्युमिनियम १० सेकंदांत गोठले तर अंतर सुमारे २० मायक्रॉन; १००० सेकंद लागले तर सुमारे १००. याचा फायदा उलटाही घेता येतो. ओतीव भाग कापून, घासून, आम्लाने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरा, फांद्यांमधले अंतर मोजा. तो भाग साच्यात किती वेळ गोठत होता ते सांगता येते. साक्षीदार नसला तरी झाडाने वेळ लिहून ठेवलेली असते. आणि हे निव्वळ कुतूहल नव्हे. फांद्यांमधल्या जागी शेवटी गोठलेला, मिश्रद्रव्याने भरलेला ठिसूळ भाग असतो; अंतर मोठे तर तो भाग मोठा, तेथल्या पोकळ्याही मोठ्या. पुढे भट्टीत तापवून हे मिश्रद्रव्य सारखे पसरवायचे म्हटले तर लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: दुप्पट अंतर, चौपट वेळ. जाड भागाजवळ साच्यात लोखंडाचा ‘चिल’ ठेवतात तो तेथली उष्णता झटकन ओढून घेण्यासाठी. (आपल्याकडे मुख्यतः बीड ओतले जाते, आणि बिडात ग्रॅफाइटचा प्रश्न वेगळा असतो, पण गोठताना झाडे तेथेही असतात.)

झाड वाढताना पाहण्याची सोयही अखेर झाली. धातूप्रमाणेच गोठणारे काही पारदर्शक सेंद्रिय पदार्थ १९६० नंतरच्या दशकात सापडले. पृथ्वीवर द्रवात प्रवाह उठतात आणि प्रयोग बिघडतो, म्हणून अशा पदार्थांचे डेंड्राइट १९९४, १९९६ आणि १९९७ मध्ये कोलंबिया अंतराळयानातून नेऊन तेथे वाढवले गेले. यातल्या १९९७ च्या फेरीत कर्नालची कल्पना चावला होती. तिचे ते पहिले उड्डाण. आता तर प्रखर क्ष-किरणांनी खऱ्या धातूच्या आतले झाड सरळ पाहता येते आणि फांदी बुंध्याशी तुटतानाचे चित्र मिळते. १८७८ च्या त्या निबंधाला पडद्यावर पाहण्याचे भाग्य असे सव्वाशे वर्षांनी लाभले.

आता आपण चेर्नोव्हकडे परत जाऊ. त्याचा निबंध छापून आल्यावर वर्षभरातच, १८८० मध्ये, त्याने ओबुखोव्ह कारखाना सोडला. व्यवस्थापनाशी त्याचे पटेनासे झाले होते. ज्याच्यामुळे त्या कारखान्याच्या तोफांचा भरवसा वाढला, तो चाळिशीच्या माणसाने, नाव झालेले असताना, तेथून उठून जावे ही गोष्ट मला खटकते. पण कारखान्यांच्या इतिहासात ती नवीही नाही. तो गेला कोठे? दक्षिणेला, दोनेत्सच्या प्रदेशात, बाखमूत जिल्ह्यात सैंधवाचे साठे शोधायला. चार वर्षे त्याने तेथे भूमी चाचपली आणि मिठाचे मोठे थर शोधून काढले. ब्र्यान्त्सेव्हका येथील खाणी त्यातून उभ्या राहिल्या. पोलादाचे स्फटिक सोडले तर मिठाचे स्फटिक त्याला भेटले, असे गमतीने म्हणता येईल. त्या भागातल्या सोलेदारच्या खाणी पुढे एक शतकाहून अधिक काळ चालल्या आणि २०२२ च्या युद्धात बंद पडल्या.

१८८४ मध्ये तो राजधानीत परतला आणि आरमाराच्या तांत्रिक समितीत काम करू लागला. त्याच साली त्याने ताणलेल्या धातूच्या पृष्ठभागावर उमटणाऱ्या रेषांचे वर्णन केले. लुडर्स आणि चेर्नोव्ह अशी दोघांची नावे त्या रेषांना आहेत. पुढे रेल्वे खात्यासाठी कारखान्यांतला माल तपासण्याचे कामही त्याच्याकडे आले. १८८९ पासून तो मिखाइलोव्हस्काया तोफखाना अकादमीत धातुशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि अखेरपर्यंत त्याच संस्थेशी जोडलेला राहिला. ज्या तोफा फुटत होत्या त्यांचे गोलंदाज आता त्याच्यापुढे बाकावर बसत होते.

या प्राध्यापकाचे छंदही सांगितले पाहिजेत. तो स्वतःच्या हाताने व्हायोलिन आणि चेलो तयार करी. जुन्या इटालियन कारागिरांच्या वाद्यांत असे काय आहे, या प्रश्नाला त्याने पोलादासारखेच तोंड दिले: लाकूड तेच, आकार तोच, मग आवाज वेगळा का? आपली वाद्ये त्याने इटालियन वाद्यांबरोबर वाजवून श्रोत्यांपुढे ठेवली आणि त्यांची वाहवा झाली. १८९३ मध्ये फुग्याच्या मदतीवाचून यंत्राने उडता येईल का, यावर त्याने व्याख्यान दिले. राइट बंधूंच्या उड्डाणाला अजून दहा वर्षे होती.

अकादमीत त्याचा एक विद्यार्थी होता, निकोलाय बेल्यायेव्ह. या बेल्यायेव्हच्या निमित्ताने आपल्या मातीचा या कथेशी खरा संबंध येतो. रशियात ‘बुलात’ म्हणून एका पोलादाची कीर्ती होती. तलवारीच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेले ते दमास्कस पोलाद. अनोसोव्हने ते पुन्हा करण्यासाठी वर्षे घालवली होती, चेर्नोव्ह त्याला आजवरच्या पोलादांत श्रेष्ठ मानत असे, आणि बेल्यायेव्हने त्याचा अभ्यास करून १९१८ मध्ये इंग्लंडमध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. या पात्यांसाठीचे पोलादाचे गोळे जात असत ते दक्षिण भारतातून. इंग्रज त्याला ‘वूट्झ’ म्हणत, आणि तो शब्द आपल्या कन्नड विभागातील मित्रांच्या ‘उक्कु’चाच अपभ्रंश मानला जातो. ‘उक्कु’ म्हणजे पोलाद. मातीच्या बंद मुशीत वितळवलेले हे पोलाद मुशीतच अतिशय सावकाश थंड होई. म्हणजे फांद्यांना जाड व्हायला भरपूर वेळ मिळे. फांद्यांमधल्या जागी शेवटी गोठलेल्या द्रवात व्हॅनेडियमसारखी द्रव्ये अल्प प्रमाणात साचत, आणि पुढे पाते घडवताना त्याच ओळींवर कठीण कार्बाइडचे कण गोळा होत. पात्यावर दिसणाऱ्या लाटा त्या याच, असे १९९० नंतरच्या दशकात व्हरहोव्हन या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाने आणि पेंड्रे या लोहाराने मिळून दाखवले. ज्या ढोबळपणाने ओबुखोव्हच्या तोफा फुटत, त्याचाच एक प्रकार कर्नाटक-तेलंगणच्या लोहारांनी मुशीत राखला, आणि मंद आंचेवर काळजीने ठोकून त्यातून जगातली नामांकित पाती निघाली. चेर्नोव्हला हा दुवा कळला असता तर तो किती आनंदला असता, असे मला राहून राहून वाटते.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी एका फ्रेंच पोलाद कारखान्याच्या संचालकाने सर्वांसमक्ष कबूल केले की आपल्या कारखान्यांची प्रगती या रशियन अभियंत्याच्या संशोधनावर उभी आहे. १९१० मध्ये रशियन धातुशास्त्र संस्था निघाली तेव्हा अध्यक्षपद त्याच्याकडे आले. वयाच्या सत्तरीतही तो तोफांकडेच पाहत होता: तोफेच्या नळीचा आतला भाग बारामागून बार कसा झिजतो, यावर त्याने १९१२ मध्ये लिहिले.

पहिले महायुद्ध चालू असतानाच प्रकृतीसाठी तो क्रिमियातील याल्टा येथे जाऊन राहिला. मग क्रांती झाली, यादवी सुरू झाली, आणि तो तेथेच अडकला. पीटर्सबर्गशी संबंध तुटला, निवृत्तिवेतन आणि औषधपाणी दोन्ही दुर्मिळ झाले. इंग्रजांनी त्याला जहाजाने इंग्लंडला नेण्याची तयारी दाखवली होती आणि त्याने ती नाकारली, असे त्याच्या चरित्रांतून सांगितलेले आढळते. ज्या क्रिमियातील पराभवामुळे पोलादी तोफांचे कारखाने निघाले, त्याच क्रिमियात १९२१ च्या जानेवारीच्या २ तारखेला, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्याने देह ठेवला. त्याचे दफनही याल्टातच झाले. पुढच्या वर्षी, १९२२ मध्ये, बेल्यायेव्हचे धातूंच्या स्फटिकीकरणावरचे पुस्तक लंडनमध्ये छापून निघाले.